चावी अण्णांकडे

जुळे सोलापुरात पाणी कधी येईल आणि अण्णा कधी हो म्हणतील, या दोन गोष्टी आधी सांगता येत नाहीत. पाणी चार-पाच दिवसांनी का होईना, येतं तरी.

अण्णा आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतात. पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे 'संगणक विभाग' असं छापलेलं असतं, आणि त्या विभागात माणूस एकच. विभागप्रमुख तेच, शिपाईही तेच. विभागाची बैठक म्हणजे अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसलेले. वय पन्नाशीपुढं, कपाळावर विभूतीची तीन बोटं, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं लिहायला आणि लाल नाकारायला. बोलणं अस्सल सोलापुरी, म्हणजे मराठीच्या पायजम्याला कानडीची नाडी. कोणी घाईत आलं की ते आधी पाण्याची बाटली उघडतात, दोन घोट घेतात, झाकण नीट फिरवून लावतात आणि मग म्हणतात, "हं, बोला की."

आमचं कार्यालय जुळे सोलापुरात आहे. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधल्या माळावर ही वस्ती वाढली. म्हणायला जुळं, पण थोरलं भावंड सिद्धरामेश्वरांच्या तळ्याकाठी कित्येक शतकं आधी जन्मलेलं. थोरल्याच्या वाट्याला किल्ला, बंद गिरण्यांच्या आठवणी, चाटी गल्ली आणि चादरी आल्या. धाकट्याला बंगले, अपार्टमेंट, क्लासेस, दवाखाने आणि आमच्यासारख्या पतसंस्था मिळाल्या. या पतसंस्थेत एसी दोनच ठिकाणी आहे. एक अध्यक्षांच्या केबिनला आणि दुसरा सर्व्हरला. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की कर्ज विभागापासून शिपायापर्यंत सगळ्यांना अचानक सर्व्हरसंबंधी शंका येऊ लागतात. अण्णा दार चार बोटं उघडून म्हणतात, "शंका लिहून द्या. आत यायची परवानगी नाही." ती चार बोटांची गार हवा मात्र ते अडवत नाहीत. तेवढ्यापुरता माणूस दयाळू आहे.

सर्व्हर स्वतःच्या स्वतः मेल पाठवू शकतो, हे आम्हाला बरंच उशिरा समजलं. रात्री हप्ता चुकलेल्यांची यादी तोच काढतो, मग त्यांना कळवण्याचं कामही त्यानंच का करू नये, असा साधा हिशोब. आमच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरात या सोयीला 'डेटाबेस मेल' म्हणतात. ती सर्व्हरबरोबर फुकट येते, पण येते ती बंद अवस्थेत. कोणीतरी मुद्दाम उठून ती चालू करावी लागते. अण्णांना मायक्रोसॉफ्टची ही एक गोष्ट मनापासून आवडते. "बघा," ते म्हणतात, "शहाण्या माणसानं केलेलं आहे. आधी नाही म्हणलंय."

पूर्वी असं नव्हतं, हे ते प्रत्येक नव्या मुलाला ऐकवतात. २००५ च्या आवृत्तीत डेटाबेस मेल आलं. त्याआधी 'एसक्यूएल मेल' नावाचा प्रकार होता आणि त्यासाठी सर्व्हरवर आउटलुकसारखा मेल वाचायचा प्रोग्रॅम बसवावा लागे. अण्णांच्या लेखी हे म्हणजे दुधासाठी घेतलेली म्हैस देवघरात बांधल्यासारखं होतं. त्या काळात ते एका कापड कारखान्यात होते. तिथला सर्व्हर मेलमुळे मध्येच गप्प व्हायचा, मग अण्णा रात्री साडेअकराला स्कूटरवरून अक्कलकोट रोडला जाऊन त्याला उठवायचे. त्या रात्रींचा राग त्यांनी अजून जपून ठेवलाय आणि तो आमच्यावर थोडा थोडा काढतात.

आता खरी गोष्ट. वसुली विभागाच्या मॅडमना सभासदांना हप्त्याची आठवण मेलनं पाठवायची होती. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली. ती कागदावर उतरवून त्या सर्व्हरच्या दारात आल्या आणि एकेक शब्द सुटा सुटा वाचू लागल्या, "एक्झिक्यूट... परमिशन... वॉज... डिनाइड. अण्णा, एक्झिक्यूट म्हणजे फाशी ना? कुणाला द्यायची होती, आणि नाकारली कुणी?"

"मी," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी बाटलीतलं पाणी घेतलं आणि मॅडमना समजावून सांगितलं. मी तिथं चार बोटांच्या हवेसाठी उभा होतो, म्हणून ते सगळं माझ्याही पदरात पडलं.

"हे बघा, तुमचं लॉगिन आहे. म्हणजे लग्नाच्या मांडवात तुम्ही आलात. पण मेलचा सगळा कारभार एमएसडीबी नावाच्या दुसऱ्याच डेटाबेसात चालतो. तिथं तुमचं नाव आहे का? नाही. म्हणजे मांडवात आलात, जेवणाच्या हॉलात नाही आलात. बरं, घेतलं हॉलात. तरी 'डेटाबेस मेल युजर रोल' म्हणून एक पंगत असते, तिच्यात बसवायला पाहिजे. बसवलं. पान मांडलं. पण वाढप्याला कोण ओळखतंय तुम्हाला? प्रोफाइल म्हणजे वाढपी. त्याच्या यादीत तुमचं नाव नसलं की पान कोरडंच की ओ!"

"मग सगळ्यांना वाढणारा एकच वाढपी ठेवा की," मॅडम म्हणाल्या.

"असतंय तसं. सार्वजनिक प्रोफाइल म्हणतात त्याला." 'सार्वजनिक' हा शब्द उच्चारताना अण्णांचा चेहरा एसटी स्टँडवरच्या त्या कोपऱ्याजवळून जाताना होतो तसा झाला.

माणूस नक्की कुठल्या दारात अडला, ते अण्णा एररच्या नंबरावरून ओळखतात. वैद्य नाडी बघतात तसं. "दोनशे एकोणतीस आलाय का? मग पंगतीतच नाही तुम्ही. चौदा हजार सहाशे सात आला असता तर म्हणलो असतो, पंगतीत आहात, वाढपी पुढं निघून गेलाय." एकदा एका शाखेचा शाखाधिकारी फोनवर तिसराच नंबर सांगत होता. अण्णांनी बराच विचार केला. शेवटी कळलं की तो स्वतःचा मोबाइल नंबर सांगत होता, परवानगी मिळाली की कळवायला.

परवानगीसाठी अण्णांचा एक छापील अर्ज आहे. कोण पाठवणार, कुणाला पाठवणार, कशासाठी, दिवसातून किती, किती दिवस. शेवटचा रकाना असा: 'अर्जदाराची बदली अथवा निवृत्ती झाल्यास ही परवानगी काढण्याची आठवण कोण करील?' या रकान्यावर भलेभले थबकतात. आमच्या एका शाखाधिकाऱ्यांनी तिथं 'परमेश्वर' असं लिहिलं होतं. अण्णांनी लाल पेनानं शेरा मारला, 'सदर व्यक्ती कर्मचारी नाही.'

हा शेवटचा रकाना उगाच आलेला नाही. अण्णा यायच्या आधी कुठल्याशा कंपनीचा पोरगा सर्व्हर लावायला आला होता. त्यानं रोज रात्री आपोआप शिल्लक कळवणारा जॉब रोखपालांच्या मशीनवर बसून, त्यांच्याच लॉगिननं बनवला. रोखपाल निवृत्त झाले, त्यांना शाल-श्रीफळ दिलं, भाषणंही झाली. जॉब मात्र त्यांच्या नावावर राहिला. आता त्यांचं लॉगिन काढलं तर जॉब पडतो, आणि जॉब दुसऱ्याच्या नावावर करायचा तर त्यात आणखी काय काय गुंफलंय हे कुणाला ठाऊक नाही. दरवर्षी ऑडिटर विचारतात, "हे गृहस्थ कोण?" दरवर्षी अण्णा म्हणतात, "करतो." या जगात अण्णा फक्त त्या एका जॉबला भितात. ते रोखपाल मला मधूनमधून भाजी बाजारात भेटतात. फ्लॉवर निवडता निवडता विचारतात, "काय, चाललोय ना मी अजून?" रोज रात्री अकराला आपण कामावर असतो, याचं त्यांना फार समाधान आहे. पेन्शनपेक्षाही.

मॅडमनी अर्ज भरला. अण्णांनी तो नाकारला.

मॅडम माझ्याकडे आल्या. आम्ही दोघं अण्णांकडे गेलो. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "अण्णा, एक साधा मेल पाठवायचाय. त्यात असं काय सोनं आहे?"

अण्णा शांत. त्यांनी माझ्या देखत कीबोर्डावर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाले, "मोबाइल बघा." माझ्या मोबाइलवर मेल आला होता. पाठवणारे: अध्यक्ष. मजकूर: 'उद्यापासून कामावर येऊ नये.'

माझे गुडघे पाण्यासारखे झाले. (सोलापुरात पाण्यासारखं काही होणं ही मोठीच गोष्ट, पण झाले.)

"२००८ च्या आवृत्तीपासून पाठवणाऱ्याचा पत्ताही हातानं बदलता येतोय," अण्णा म्हणाले. "मेलसेवेनं अडवलं तर अडवलं. आपली सेवा भोळी आहे, अडवत नाही. आता सांगा, ही परवानगी कुणाकुणाला देऊ?"

मी 'कुणालाच नको' असं म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

"अजून ऐका. मेलबरोबर एक प्रश्नही लावता येतो. सर्व्हर त्या प्रश्नाचं उत्तर काढून जोडून पाठवतो. ज्याला खाती बघायची परवानगी आहे त्याला वर मेलची दिली, की तो सगळ्या ठेवीदारांची यादी एका ओळीत घरी पाठवू शकतो. बघायची परवानगी निराळी, पाठवायची निराळी. दोन्ही एका हातात आल्या की झालं. पेनड्राइव्ह नको, कागद नको, गेटवर झडती नको. वर आणि मेल आपल्याच संस्थेच्या नावानं जाणार."

मग ते १९७५ मध्ये गेले. त्या साली अमेरिकेत जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणावर एक लेख लिहिला. त्यात एक तत्त्व असं की प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्यावेत, त्याहून एक कणही जास्त देऊ नये. अण्णांनी हा लेख मिळवून वाचलाय आणि त्याचं सोलापुरी भाषांतर केलंय: "कडक भाकरी मोडून द्यायची. चवड पुढं सरकवायची नाही." या दोघा गोऱ्या माणसांबद्दल त्यांना जो आदर आहे, तो त्यांनी आमच्या संचालक मंडळाबद्दल कधी दाखवलेला मला आठवत नाही.

अध्यक्षांनी एकदा वार्षिक अहवाल सर्व्हरवरून पाठवायला सांगितला. अहवाल गेला नाही. जोडपत्राची मर्यादा मुळात दहा लाख बाइट असते आणि अहवाल तिच्या कितीतरी पट मोठा होता, कारण पहिल्या पाच पानांवर अध्यक्ष होते. दीपप्रज्वलन करताना, फीत कापताना, नुसते बघताना. अण्णांनी निरोप धाडला, "अध्यक्षांना बारीक करा." हा निरोप शिपायानं जसाच्या तसा केबिनमध्ये पोचवला. त्या महिन्यात सर्व्हरच्या एसीची दुरुस्ती मंजूर झाली नाही.

असो. अर्ज नाकारला तरी अण्णा काम अडवत नाहीत, हे मला मान्य करावं लागतं. चार दिवसांनी त्यांनी मॅडमना बोलावून एक नवा पडदा दाखवला. त्यावर दोनच चौकोन. पहिल्यात सभासद क्रमांक टाकायचा, दुसऱ्यात मजकूर निवडायचा. 'हप्त्याची आठवण', 'थकबाकीची नोटीस', 'शुभेच्छा'. बस्स. मेल पाठवायची परवानगी मॅडमना मिळालीच नाही. त्या फक्त चिठ्ठी टाकतात, ती एका तक्त्यात जमा होते, आणि दर दहा मिनिटांनी अण्णांचा जॉब येऊन साचलेल्या चिठ्ठ्या उचलून मेल पाठवतो. तिकीट खिडकीवर मिळतं, इंजिनात कोणी चढत नाही. हे करायला एक सोपी वाटही होती. डेटाबेसाला 'ट्रस्टवर्दी', म्हणजे विश्वासार्ह, असा शिक्का मारायचा आणि आतूनच मेलपर्यंत पोचायचं. पण त्या शिक्क्याच्या आडोशानं डेटाबेसाचा मालक थेट सर्व्हरचा मालक होऊन बसू शकतो, म्हणून जाणकार त्याच्यापासून लांब राहतात. अण्णा म्हणाले, "ज्याला स्वतःच्या कपाळावर 'विश्वासू' लिहावं लागतंय, त्याला उधार देऊ नये."

चिठ्ठी टाकली की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'रांगेत लागलं' असं उमटतं. आम्हाला त्याचा अर्थ 'गेलं' असा वाटायचा. अण्णांना तो 'रांगेत लागलं' असाच वाटायचा. पुढचं सगळं रामायण या फरकातून घडलं.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्ड्याची. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. अण्णा दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागं चालतात आणि त्या दिवसांत त्यांचा मोबाइल घरी देवासमोर बंद असतो. त्या वर्षी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते नव्या मजकुराची चाचणी घेत होते. चाचणीचा मेल चुकून खऱ्या सभासदाला जाऊ नये म्हणून त्यांनी जॉब बंद केला. काळजी घेणारा माणूस. चाचणी झाली, चार वेळा कुलूप ओढून बघितलं, एसी बघितला, घरी गेले. जॉब बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी संक्रांतीच्या शुभेच्छा सोडायला सांगितल्या. सोडल्या. 'रांगेत लागलं.' अध्यक्षांच्या स्वतःच्या मेलवर काही येईना. परत सोडल्या. 'रांगेत लागलं.' मॅडमनी थकबाकीच्या नोटिसा टाकल्या, त्यांच्या भावाचं कर्ज थकलं होतं, त्याला फोन करून विचारलं, "आलं का रे?" नाही आलं. परत टाकल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर परत टाकल्या. मी स्वतः, आता लपवून काय उपयोग, तीनदा दाबलं. जे बटण दाबल्यावर काही होत नाही, ते माणूस अधिक जोरात दाबतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी अडलंय. मॅनेजरसाहेबांना आठवलं की सर्व्हरचा मुख्य पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवलेला आहे. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरांकडे आणि एक नव्या रोखपालांकडे. रोखपाल रजेवर. त्यांना सासुरवाडीहून उचलून आणलं. तिजोरी उघडली, लाखेचं पाकीट फोडलं. आत अण्णांच्या निळ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'सुरक्षेसाठी पासवर्ड बदलला आहे. नवीन पाकीट करणे आहे.' खाली सही आणि तारीख. तारीख व्यवस्थित होती.

मग शिपायाला अण्णांना शोधायला यात्रेत पाठवलं. तो तीन तासांनी परत आला. "साहेब, तिथं सगळेच अण्णा आहेत," तो म्हणाला. "पांढरी बाराबंदी, कपाळाला भस्म. मी सात जणांच्या पाया पडलो."

यात्रा आटोपून अण्णा आले. चेहऱ्यावर तेज, हातात तिळगुळाचा डबा. प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी तिळगूळ दिला. कोणी गोड बोलेना. सर्व्हरच्या खोलीत गेले, पडद्याकडे बघितलं, "अगं आई" म्हणाले आणि सवयीनं जॉब चालू केला. रांगेत काय काय साचलंय, ते त्यांनी नंतर बघितलं.

सोलापुरात पाणी आल्यावर काय होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. नळ आधी खाकरतो, मग हवा सोडतो आणि मग एकदम असा सुटतो की बादली उडते. आमचे मेल तसे सुटले. एकेका सभासदाला आधी 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला'. लगेच 'सात दिवसांत थकबाकी न भरल्यास कायदेशीर कारवाई'. पुन्हा 'गोड गोड बोला'. पुन्हा कारवाई. पाच-पाच, सहा-सहा वेळा, आलटून पालटून. सर्व्हरमधून सुटलेला मेल परत बोलावता येत नाही. अण्णा पडद्यासमोर हात जोडून उभे होते. एक निवृत्त गुरुजी तासाभरात संस्थेत येऊन म्हणाले, "गोड बोलू की कोर्टात येऊ, एकदा नक्की सांगा."

निम्म्या वाटेत आणखी एक झालं. ज्या मोठ्या कंपनीच्या सेवेतून आमचे मेल बाहेर जातात, तिला एवढा लोंढा बघून संशय आला आणि तिनं आमचं खातं अडवलं. आता अण्णांनाच परवानगी मागायला बसावं लागलं. मी मजा बघायला म्हणून दारात गेलो, तर त्यांनी मला पहिल्यांदाच आत बोलावलं, एसीत. पडद्यावर कंपनीचा अर्ज होता. कोण पाठवतो, कुणाला, कशासाठी, दिवसाला किती. अण्णा एकेक रकाना भरत होते आणि मान डोलवत होते. साधा पासवर्ड यापुढे चालणार नाही, सोळा अक्षरांचा निराळा घ्या, असंही कंपनीनं सुनावलं. मला वाटलं, आता हे चिडणार. तर म्हणाले, "फॉर्म चांगला केलाय ओ. 'ज्यांना पाठवता त्यांनी होकार दिलाय का' असा एक रकाना आहे बघा यात. आपल्याकडं राहून गेला." आणि त्यांनी तो निळ्या पेनानं लिहून घेतला.

त्या आठवड्यात वसुली चांगली झाली. लोक येऊन हप्ते भरून गेले, काहींनी तर न थकलेलेही भरले. संचालक मंडळाच्या सभेत एका संचालकांनी हा उपक्रम दरमहा राबवावा अशी सूचना मांडली, दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं. अण्णांनी उठून सांगितलं की त्यासाठी अर्ज करावा लागेल. शेवटच्या रकान्यासह.

अण्णा माझ्याच गल्लीत राहतात. परवा रात्री एकच्या सुमाराला पाणी आलं आणि आम्ही दोघं लुंगीवर बाहेर आलो. कोपऱ्यावर महापालिकेचा चावीवाला लांब दांड्याची चावी घेऊन उभा होता. मी अण्णांना म्हणालो, "तुमच्या ओळखीचा दिसतोय. अर्धा तास जास्त सोडायला सांगा की. माझ्याकडं पाहुणे आलेत."

अण्णा गेले. मी मागं मागं.

"काय ओ, अर्धा तास वाढवून देता काय?"

"नाही ओ," चावीवाला म्हणाला. "मला परवानगी नाही. वरनं आलं पाहिजे."

"तुम्ही वाढवलं तर वर कुणाला कळतंय?"

"पुढच्या गल्लीला कळतंय की."

अण्णा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, "कधी सोडलं, कधी बंद केलं, लिहून ठेवता का?"

चावीवाल्यानं खिशातून एक घामानं मऊ झालेली डायरी काढली. अण्णांनी मोबाइलचा उजेड धरला. तारीख, गल्ली, चालू, बंद, शेरा. एका पानावर लाल पेनानं खूण होती. "हे काय?" अण्णांनी विचारलं. "हा पंप नादुरुस्त होता त्या दिवशीचं," तो म्हणाला. "नंतर कुणी भांडायला आलं तर दाखवायला बरं." अण्णांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. मागच्या महिन्यातलं काढलं. दोघं कट्ट्यावर बसले. अण्णा त्याला विचारत होते की रजेवर गेल्यावर चावी कुणाकडे असते, आणि तो सांगत होता की ते अजून ठरलेलं नाही. "हां," अण्णा म्हणाले, "ते एक बघायला पाहिजे."

मी घरी आलो तर नळ खाकरत होता. पाहुण्यांनी निम्मी बादली भरून ठेवली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर मोबाइलचा उजेड अजून दिसत होता.